वाघर की वाघूर

कॉपी केलेला मुलगा कसा पकडायचा, हे मला शिक्षिकेच्या नोकरीत पक्कं समजलं होतं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकाच जागी एकच चूक सापडली, की मी नुसती वर बघायचे, आणि दोघांपैकी एक जण खाली बघायला लागायचा. निवृत्तीनंतर ही विद्या स्वतःच्या घरात वापरावी लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी मूळची साताऱ्याची. आपल्याला सगळं कळतं असं साताऱ्याच्या माणसाला वाटतं, आणि माझ्या बाबतीत ते खरंच आहे, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. लग्न होऊन कडेगावच्या ऊसवाल्या घरात गेले. नवरा फौजेत होता, सुभेदार होऊन निवृत्त झाला. आता आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागेत राहतो, आणि इथल्या एका छोट्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी शब्दकोडं देते. या दिवाळीला आठ वर्षं होतील.

कोडं रचणं म्हणजे सुतारकाम. शब्दाला शब्द अडकवायचा, काना-मात्रेसकट. आडव्या शब्दात ‘घू’ असेल तर त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दातही ‘घू’च पाहिजे, ‘घ’ चालत नाही. हे काम कुणीही चिकाटीचा माणूस करील. माझा जीव आहे तो शोधसूत्रांवर. इतर कोड्यांत ‘पाणी’ लिहिलेलं असतं आणि आपण ‘जल’ भरायचं असतं. ‘एक फळ’ हे सूत्र तर मला शिवीसारखं लागतं. अरे, कुठलं फळ? कुठे पिकतं, कुणी खाल्लं, त्यावरून कुणाचं भांडण झालं? शब्द इतकी वर्षं माणसांत राहून आलेला असतो, त्याला असं उघडंवाघडं चौकटीत उभं करायचं म्हणजे अपमान आहे.

माझं एक सूत्र नमुन्याला देते. ‘जमिनीच्या पोटातली ही खोली. हिला खिडकी नाही, दार आहे ते छताला. माणूस उतरण्याआधी आत दिवा सोडतात, तो विझला तर माणूस उतरत नाही. सांगलीची हळद इथे झोपा काढायची. आणि एखाद्या गोष्टीचं हे फुटलं, की ती गोष्ट गल्लोगल्ली झाली असं समजावं. (२)’ उत्तर पेव. हे माझं पहिलं लांब सूत्र. छापून येण्याआधी नवऱ्याने वहीत डोकावून काहीतरी म्हटलं होतं. मी हसून वही मिटली होती. काय म्हटलं होतं, ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

कोडी रचायला मला लावलं ते आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तास सुरू झाला की मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून ते पेपरातलं कोडं सोडवायचे. अडलं की मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायचे, पण उत्तर विचारायला नाही. ‘बाई, नुसतं म्होरचं अक्षर सांगा’, एवढंच म्हणायचे. असा सोडवणारा लाखात एक. निवृत्त होऊन ते गावी गेले, आणि माझं कोडं सुरू झालं तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायला लागला. आधी आडवे शब्द, मग उभे. सुरुवातीला तीन-चार चुकायचे. मी सांगायचे, ते ‘हात्तिच्या’ म्हणायचे. मग चुका कमी होत गेल्या, आणि गेली दोन वर्षं एकही नाही.

शिवाय दर रविवारी एका सूत्राचं कौतुक. मोटेवर मी एकदा सात ओळींचं सूत्र लिहिलं होतं, त्यात चाकाची कुरकुर होती, बैलांचं मागे सरकणं होतं. मामा म्हणाले, ‘ते वाचून आमची हीर डोळ्याम्होरं उभी ऱ्हायली बगा.’ त्या वाक्यावर मी महिनाभर जगले. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. माणसाला आपलं लिहिलेलं शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा एक जरी मिळाला तरी पुरतो, आणि माझा तो एक आटपाडीला होता. त्याला सगळंच सुटतं म्हणून मी सूत्रं आणखी अवघड केली, आणखी लांब केली. पुरवणीचे संपादक कुरकुरले, जागा पुरत नाही म्हणाले. मी म्हटलं, चौकट लहान करा.

मग ते वाघराचं कोडं आलं. सूत्र असं होतं: ‘माणदेशचा मेंढपाळ मुक्कामाला थांबला की घोड्यावरून आधी हे उतरतं. याला भिंत नाही, तरी आतलं बाहेर जात नाही आणि बाहेरचा लांडगा आत येत नाही. विणलेलं असतं, पण अंगावर घेत नाहीत. नावात वाघ आहे, स्वभावात नाही. (३)’ मेंढरांभोवती लावायचं जाळं. शब्दकोशात ‘वाघूर’ सापडलं, मी वहीत वाघूर लिहिलं आणि मधल्या ‘घू’खाली उभा शब्द ‘घूस’ लावला. शुक्रवारी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पुरवणीची पानं लावणाऱ्या मुलीला पाठवून दिले.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गवारी निवडताना एकदम आठवलं. एकदा मामा शाळेत उशिरा आले होते, धोतराला चिखल. भावाची मेंढरं गावाबाहेरच्या रानात बसली होती. ‘बाई, वाघर तुटली, रानभर झाली मेंढरं’, असं ते म्हणाले होते. वाघर. त्यांच्या तोंडून मी कधी वाघूर ऐकलं नव्हतं. मी तिथूनच त्या मुलीला फोन केला. वाघूरचं वाघर कर म्हटलं, घूस काढ, तिथे घण टाक, सूत्र ‘लोहाराचा मोठा हातोडा’ एवढंच दे. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन शब्दांचं सूत्र दिलं, आणि तेही आनंदाने, कारण त्यामुळे मामांच्या घरातला शब्द त्यांच्याच उच्चारात छापला जाणार होता. वहीत बदल करायचा मात्र राहून गेला.

त्या रविवारी मी साडेआठलाच फोनजवळ बसले. आता मामा काय म्हणतील, याच्या दहा तऱ्हा मनात रंगवून झाल्या. नऊला फोन आला. आडवं एक, आडवं चार, सगळं बरोबर. मग ते म्हणाले, ‘आडवं अकरा, वाघूर.’

मी विचारलं, काय म्हणालात? त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, ‘घू’ लांबवून, पुस्तक वाचून दाखवणाऱ्या मुलासारखं. वाघूर. मग उभे शब्द झाले, त्यात घूसही आली. पेपरात तर तिथे लोहाराचा हातोडा होता. मी शाब्बास म्हटलं आणि फोन ठेवला.

घूस फक्त दोन ठिकाणी होती. पुरवणीच्या मुलीकडे, आणि माझ्या वहीत. त्या मुलीला मामा माहीत नाहीत. वही जेवणाच्या टेबलावर असते, आणि घरात आम्ही दोघंच. पेपर हातात तसाच राहिला आणि मला कानकोंडं झालं. माझ्याच घरात, माझ्याच वहीवरून, माझ्याच लाडक्या माणसाने कॉपी केली होती, आणि ती पुरवणारा समोर बसून दाढी करत होता.

 बत्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई एका पुराव्यावर बोलत नाही. पुढच्या कोड्यात मी आडव्या चारला डाळिंब घातलं. सूत्र मनापासून लिहिलं: ‘आटपाडीच्या कोरड्या रानाचं हे लेकरू. डोक्यावर मुकुट, पण राज्य नाही. सुंदर दातांची बरोबरी याच्या दाण्यांशी करतात, आणि सोलताना बेसावध राहिलं तर सदऱ्याचा डाग जन्मभर जात नाही. (३)’ पेपरला डाळिंब पाठवलं. वहीत उत्तराच्या जागी लिहिलं, सीताफळ. तीन घरांत चार अक्षरं. शनिवारी नेहमीसारखी पिशवी घेऊन मंडईत गेले, आणि मुद्दाम तासभर जास्त रेंगाळले.

रविवारी नऊला मामा म्हणाले, ‘आडवं चार, सीताफळ.’

पेपर त्यांच्यासमोर नव्हताच. असता तर घरं मोजली असती. ज्या माणसाच्या अंगणाबाहेर डाळिंबाच्या बागा आहेत, त्याने मला दात आणि मुकुट असलेलं सीताफळ सांगितलं. मी या वेळी शाब्बास म्हटलं नाही. बरं, म्हटलं आणि फोन बंद केला.

नवऱ्याला विचारलं, किती दिवस चाललंय हे? त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला. दोन वर्सं, म्हणाले. मग सरळ रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी आंघोळीला गेले असताना मामांचा फोन त्यांनी घेतला. मामा म्हणाले होते की बाईंची सूत्रं लय लांब झाल्यात, शेवटाला जाईपर्यंत सुरुवात विसरते, आता कोडं सुटत नाही, पण हे बाईंना कसं सांगायचं? तेव्हा यांनी तोड काढली. दर शनिवारी मी मंडईत गेले की हे वहीतली उत्तरं फोनवर सांगायचे आणि मामा लिहून घ्यायचे. म्हणजे मामांना सगळं सुटतंय म्हणून मी सूत्रं लांबवत होते, आणि सूत्रं लांबली म्हणून मामांना काही सुटत नव्हतं. दोघांनी मिळून मला दोन वर्षं या घाण्याला जुंपलं होतं.

मी नाही नाही ते बोलले. मला वेडी ठरवलीत, म्हटलं. माझी कीव केलीत. फौजेत असले फंदफितुरीचे धंदे शिकवले का तुम्हाला? शेवटी मी म्हटलं, आणि पकडले गेलात तेसुद्धा सीताफळावर, चार अक्षरं आहेत एवढंही दिसलं नाही?

‘दिसलं की,’ ते म्हणाले. ‘डोक्यावर मुकुट, दातासारखं दाणं, सदऱ्याला डाग. ते सीताफळ कसं आसंल? सापळा लावलायस, हे वाचल्या वाचल्या कळलं. तरी बी सांगितलं त्यांना. लपवून लपवून लय दमलो हुतो.’

मला हे कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे हे सूत्रंही वाचत होते. नुसती उत्तरं नाही. मी विचारलं, मामांनी मोटेचं कौतुक केलं होतं, ते?

‘मीच सांगितलं हुतं, असं म्हणा म्हणून. ती हीर कडेगावची, आपल्या मळ्यातली.’

तुम्ही स्वतः का नाही म्हणालात मग, असं मी ओरडूनच विचारलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, ‘म्हणलं हुतं की. पयल्या टायमाला, पेवाचं लय चांगलं जमलंय म्हणलो. तू म्हणालीस, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?’

मला आठवलं. शब्द नाही आठवला, पण वही मिटल्याचा आवाज आठवला. राग मात्र गेला नाही. दोन वर्षं ज्या कौतुकावर मी पोसले, ते आटपाडीहून फिरून माझ्याच स्वयंपाकघरातून येत होतं, आणि हे मला सोडून दोघांना माहीत होतं. चांगल्या हेतूने फसवलेल्या माणसाला भांडायलाही नीट जागा मिळत नाही. मी तेव्हाही चिडले होते, आणि हे लिहिताना पुन्हा चिडले आहे.

दुपारी मामांना फोन लावला. मला सगळं समजलंय म्हटलं. ते म्हणाले की चुकलं. मी म्हटलं, ते राहू द्या, एकच सांगा. तुमच्या घरात जाळ्याला काय म्हणतात?

‘वाघर.’

‘मग तुम्ही मला वाघूर कसं सांगितलंत? तुमच्या तोंडात आलंच कसं ते?’

‘सुभेदारसायबांनी तसं सांगितलं. मीबी म्हणलं, बाईंच्या वहीत हाय, तवा तेच बरोबर आसणार,’ मामा म्हणाले. ‘आमीच पिढ्यान्‌पिढ्या चुकीचं म्हणत आसू.’

त्या क्षणी दोन वर्षांच्या फसवणुकीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. मी त्यांना सांगितलं की पेपरात वाघरच छापलंय, आजच्या अंकात उत्तरही आलंय, आणि मी ते तुमच्यामुळे बदललं होतं. पेपर मिळाला तर बघतो, म्हणाले. मी त्यांना तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावला. ते म्हणाले, वाघर, पण हळू, माझी परवानगी घेतल्यासारखं.

पुढच्या शनिवारी मी मंडईत जाताना वही टेबलावरच ठेवून गेले. आले तेव्हा ती होती तिथेच होती. रविवारी नऊ वाजता आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो, आणि दोघंही फोनकडे बघत होतो. तो वाजला नाही. नवऱ्याने पेपर ओढून घेतला, कोड्याचं पान वर काढलं आणि पेन्सिल शोधायला उठला.