सरांची चेष्टा

बाबा विमा अधिकारी. त्यांची बदली जयपूरला झाली, तेव्हा आम्हा दोघी बहिणींना साताऱ्याच्या मराठी शाळेतून उचलून तिथल्या सोडाला भागातल्या हिंदी शाळेत टाकलं. मी नववीत, धाकटी आठवीत. दोन महिन्यांत ती पोरींशी हिंदीत भांडायला लागली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा.

पळण्यातही तेच. मी पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारायची, भिजवलेले हरभरे खायची, पोटऱ्यांना तेल चोळायची. ही बया उन्हं वर आल्यावर उठणार, शाळेबाहेर कांद्याची कचोरी हाणणार आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत माझ्या पुढून निघून जाणार. वर मागं वळून विचारणार, "ताई, दमलीस?" अस्सा संताप यायचा!

जिल्ह्याच्या शर्यतीसाठी शाळेच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. झोपेतसुद्धा हवी होती. खेळाचे सर एकदम शुद्ध हिंदीवाले. पालकसभेत त्यांनी बाबांना गाठलं. बाबा घरी आले तेच भडकून.

"सर म्हणाले, छोटीत उपजत गुण आहेत. आणि बडी? बडी दिनभर चेष्टा करती है! शिक्षकांची चेष्टा करायला लाज नाही वाटत?"

चेष्टा तर मी करायचीच. सरांचं पोट पुढं काढून चालणं, शिट्टी तोंडात ठेवूनच ओरडणं, सगळं मी रोज जेवताना करून दाखवायची आणि आई ठसका लागेपर्यंत हसायची. पण हे सरांच्या कानावर घातलं कुणी? मी धाकटीकडं पाहिलं, तर ती तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला सरांपुढं उभं केलं. धाकटी मजा बघायला हजर. मी घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "सर, माफ कीजिए. आज से मैं बिलकुल चेष्टा नहीं करूँगी."

सरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. "क्यों नहीं करोगी? बेटा, तुम्हारे पास चेष्टा के सिवा है ही क्या?"

"नहीं नहीं, सर," बाबा घाईघाईनं म्हणाले, "हमारे घर में कोई चेष्टा नहीं करता. मैं करने ही नहीं दूँगा!"

सर एकदा बाबांकडं बघत, एकदा माझ्याकडं. धाकटी तर हसून हसून खालीच बसली. मग तिनंच उलगडा केला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मेहनत. भवानीला हे आदल्या दिवसापासून माहीत होतं! सर हसले, बाबा हसले. मला मात्र सरांचं वाक्य आत्ता कुठं कळलं. मेहनतीशिवाय माझ्याकडं काही नाही, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. फार लागलं मला ते. रडू आलं, तर मी उगाच खोकले.

आणि जागा सरांनी धाकटीला दिली. "कल से अभ्यास. सूरज निकलने से पहले मैदान पर."

"रोज?" धाकटीनं विचारलं.

"रोज."

"फिर दीदी को दे दीजिए ना, सर. मुझसे इतनी सुबह नहीं उठा जाएगा."

नको असलेली भाजी ताटातून बाजूला सारावी तशी तिनं ती जागा माझ्याकडं सारली. तिचा गळा दाबावासा वाटला. पण मी झटकन "जी सर" म्हणून टाकलं, सरांना विचार करायला वेळच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी गजर वाजायच्या आतच मी घड्याळ बंद केलं. बूट हातात घेतले, आवाज न करता कडी काढली आणि जिन्यात बसून नाड्या बांधल्या. तिला जाग आली आणि तिनं मन बदललं तर काय घ्या!