पुण्यात उतरायचं कुठे?

तमाम पुणेकर, तसेच पुणे सोडून देशोदेशी विखुरलेले समस्त इसम यांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, मी, वय वर्षे त्रेपन्न, जन्माने, स्वभावाने आणि दुपारच्या झोपेने नारायण पेठी, याने गेल्या महिन्यात पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाला बळी न पडता पुणे शहरात हॉटेलची खोली घेतली. कोणाची हरकत असल्यास ती मनातल्या मनात नोंदवावी.

हसलात? हसा. मीही हसत होतो, बुकिंगचं बटण दाबेपर्यंत.

बावीस वर्षांपूर्वी मी निघालो तेव्हा खाली जीप उभी होती. जीपमध्ये एक बॅग आणि मला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला निघालेली सहा माणसं. बँकॉकला छपाईयंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली होती. आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. तिने डोळ्यांना पदर वगैरे काही लावला नाही, ती वाळलेले टॉवेल काढत होती. टॉवेल खांद्यावर टाकत वरून म्हणाली, "परक्या गावात नेहमी स्टेशनाजवळ उतरावं. परत यायला सोपं जातं." आणि मग, मी कोपऱ्यावरून दही आणायला चाललोय अशा थाटात, "दहाला कडी लावते हं मी." रोजचंच वाक्य. माझं उत्तरही रोजचंच. मी ओरडलो, "आलोच, आई." जीपमधले सहाच्या सहा हसले. खिशात तीन वर्षांचा करार, आणि म्हणे आलोच!

आईचा नियम मी बँकॉकमध्ये तंतोतंत पाळला. स्कायट्रेनच्या स्टेशनाला इतकं खेटून घर घेतलं, की पहिले सहा महिने गाडी आली की मी उठून उभा राहायचो. पुढे या नियमावर मी तज्ज्ञ झालो. पुण्यातून कोणी बँकॉकला निघालं की आधी मला फोन. नदीकाठी उतरू का? उतरा, फोटो सुंदर येतील, पाय सुजतील. जुन्या शहरात? देवळं जवळ, नाश्ता लांब. एक काकू दर वर्षी भाचीला, सुनेला, विहिणीला पाठवायच्या आणि प्रत्येक वेळी एकच विचारायच्या, "खोलीला गॅलरी आहे का रे? टॉवेल कुठे वाळत घालायचे?" सगळ्यांना माझं शेवटचं वाक्य ठरलेलं: "स्टेशनाजवळ उतरा. परत यायला सोपं जातं."

तू किती वेळा परत आलास, हे कोणी विचारलं नाही. आधी दर वर्षी, मग एक वर्षाआड, मग व्हिडिओ कॉलवर.

बँकॉकवर माझा राग नाही. ते शहर फार अदबीनं वागतं. बिल्डिंगचा वॉचमन मला रोज सलाम करतो, मी त्याला रोज हसतो, आणि बावीस वर्षांत आम्हा दोघांचं तेवढंच बोलणं झालंय. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची बाई भेटते, तिच्या कुत्र्याचं नाव मला माहीत आहे, तिचं नाही. माझ्या फ्लॅटचं दार कार्डानं उघडतं आणि आपलं आपण बंद होतं. कडी लावायला कोणी लागत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले, त्यांना या दाराचा आवाज ठाऊक असेल. सोयीचा आवाज आहे. रविवारी दुपारी जरा मोठा येतो.

गेल्या वर्षी आई गेली. आम्ही भाडेकरू, त्यामुळे तिच्यामागोमाग जागाही गेली आणि इमारत रिडेव्हलपमेंटला लागली. आता पहिलं वर्षश्राद्ध होतं. ते शहराबाहेर मांजरी गावात, माझ्या चुलतबहिणीच्या, सुलभाताईच्या घरी करायचं ठरलं.

"उतरायचं कुठे म्हणजे काय?" सुलभाताई फोनवर कडाडली. "तीन बेडरूम आहेत. खाली पोहायचा तलाव आहे."

"ताई, श्राद्धाला येतोय मी. पोहायला नाही."

"मग हॉटेलात राहणार? पुण्यात? लोक काय म्हणतील, बहीण मेली का?"

मला आमच्या गल्लीत राहायचं होतं. चारच दिवस, पण तिथे उठायचं होतं, तिथला चहा प्यायचा होता आणि तिथून आईच्या श्राद्धाला जायचं होतं. हे ताईला सांगितलं असतं तर ती रडली असती, म्हणून "मांजरी लांब पडते" एवढंच म्हणालो. त्यावर ती तीन दिवस बोलली नाही.

मग, दुसऱ्यांना हॉटेलं निवडून देणारा मी, स्वतःच्या शहराचा नकाशा उघडून बसलो. साइटनं प्रेमानं विचारलं, 'पुण्याला पहिल्यांदाच येताय?' कोरेगाव पार्क सुचवलं. तिथे झाडं इतकी, की माणसाला माणूस दिसत नाही. हिंजवडीत उतरलो असतो तर पुण्याला आलो होतो हे सिद्ध करता आलं नसतं. शनिवार पेठ अगदी शेजारची, पण आई असती तर म्हणाली असती, "तिकडे आपलं कोण आहे?" आणि स्टेशन? आयुष्यात पहिल्यांदा आईचा नियम निकामी झाला. परत यायला सोपं, पण परत कुठे?

शेवटी एक लॉज सापडलं, आमच्याच गल्लीत. पूर्वी तिथे भांड्यांचं दुकान होतं. खोलीच्या फोटोत खिडकी होती आणि खिडकीतून निळे पत्रे दिसत होते. त्या पत्र्यांच्या आत आमची इमारत होती. कोणीतरी रिव्ह्यू लिहिला होता, 'व्ह्यू नाही.' मी तीच खोली घेतली.

काउंटरवर माझ्याच वयाचे मिशीवाले मॅनेजर होते. मी पासपोर्ट बॅगेतच ठेवला आणि ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. पत्ता: नारायण पेठ. वाटलं, हे गृहस्थ आता उठून उभे राहतील, "अरे वा, आपलेच की!" म्हणतील, चहा मागवतील. बावीस वर्षं पुण्याबाहेर राहिल्याचा हा परिणाम.

त्यांनी कार्ड वाचलं आणि परत सरकवलं. "लोकल आयडी चालत नाही."

"म्हणजे?"

"पुण्याच्या माणसाला खोली मिळत नाही. मागे पाटी आहे. वाचता येत असेल आपल्याला."

"अहो, पण बुकिंग झालंय माझं."

"बुकिंग मशीन घेतं. खोली मी देतो."

"पुण्याच्या माणसानं काय गुन्हा केलाय?"

"त्याला पुण्यात घर असतं. हा पत्ता तर याच गल्लीतला आहे. घरी जा की!"

पासपोर्ट आणि बँकॉकचं वर्क परमिट काढलं असतं तर दोन मिनिटांत किल्ली हातात आली असती. हात बॅगेच्या चेनपर्यंत गेलाही. पण त्या गल्लीत परगावचा पाहुणा म्हणून शिरायचं मला जमेना. मी नुसतं दाराबाहेर बोट दाखवलं. "ते निळे पत्रे आहेत ना? त्यातला दुसरा मजला."

मॅनेजरांनी चष्मा कपाळावर नेला. पत्र्यांकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"तीनशे चार. पत्र्यांच्या बाजूची आहे. सकाळी आठपासून धडधड असते. तक्रार चालणार नाही."

'कायमचा पत्ता' या रकान्यात मी आमचा घर नंबर लिहिला. त्यांनी तो वाचला आणि काही बोलले नाहीत. पुण्यात माणूस याहून जास्त माया करत नाही.

खोलीत गेलो, खिडकी उघडली. पत्र्यांच्या आत खड्डा होता. आमची गॅलरी होती तिथे नुसती हवा, आणि त्या हवेतून पलीकडच्या इमारतीची मागची बाजू दिसत होती. मोऱ्यांचे पाइप, एक दोरी, दोरीवर टॉवेल. त्या गल्लीत तीस वर्षं काढली, पण ती बाजू मी कधी पाहिली नव्हती. मध्ये आमचं घर होतं ना.

घर कशाचं असतं, असले विचार मला झेपत नाहीत. एवढंच वाटलं, की परत येणं सोपं जायचं ते काही स्टेशनामुळे नव्हतं. कडी लावायची थांबून कोणीतरी जागं असायचं, म्हणून.

ऊन उतरल्यावर जरा गल्लीतून चक्कर मारावी म्हणून खाली आलो. किल्ली काउंटरवर ठेवली आणि पायरी उतरलो. मागून मॅनेजर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दहाला दार लावतो आम्ही."

सोफ्यावर बसलेलं नाशिकचं एक जोडपं दचकून माझ्याकडे बघायला लागलं, मॅनेजरांचा पेपर खाली आला, आणि तेव्हा मला कळलं, की मी मोठ्यांदा ओरडलो होतो:

"आलोच, आई!"