निम्म्या अंतराचा ठराव
ओल्या लाइफ जॅकेटचा कुबट वास आला की मला रंकाळा तलावावरची ती सकाळ आठवते. जागतिक स्पर्धेत एकटीनं वल्हवायच्या कयाक होडीच्या शर्यतीला आमच्यातली एकच जाणार होती आणि त्यासाठी पाचशे मीटरची निवड शर्यत होती. आतेबहीण कानाशी लागली, "निम्मं अंतर जोडीनं मारूया गं. बाकीच्या मागं पडल्या की मग तुझं-माझं बघू." मी म्हटलं, "व्हय की!" शिट्टी झाली आणि ही बया पहिल्या फटक्यालाच जी सुटली, ती सुटलीच. मी मात्र शब्दाची पक्की. ठरल्याप्रमाणे आता वेग कमी करेल, म्हणत निवांत वल्हवत राहिले. काठावरून बाबा ओरडले, "अगं, शर्यत हाय का वरात?" तोवर ती पोचलीसुद्धा. संध्याकाळी ती घरी आली. मला वाटलं, माफी मागेल. तर म्हणाली, "तुझं वल्हं दे की, माझ्यापेक्षा हलकं हाय." आणि मी दिलं, वर फडक्यात गुंडाळून दिलं! आता लग्नाकार्यात ती त्या सकाळची गोष्ट रंगवून सांगते. त्या गोष्टीत मी शर्यतीत नसतेच, काठावर उभी राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत असते. आणि गोष्ट संपली की सगळ्यांबरोबर मीही वाजवते.