भरलेली दिसणारी मांडी

१. आज सकाळी दौंडच्या आमच्या आयसीयूत डॉक्टरांनी एका तरुण पेशंटच्या मांडीची सोनोग्राफी केली.
२. दाखल झाला तेव्हा घेतलेल्या मापापेक्षा स्नायू बराच पातळ झालाय.
३. बाहेरून मांडी भरलेली दिसते. ती सूज आहे.
४. हे त्याच्या वडिलांना सांगायचं काम फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे आलं.

मुलगा कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. न्यूमोनिया झाला आणि बरेच दिवस व्हेंटिलेटरवर पडून होता. आता स्वतः श्वास घेतो, त्यामुळे वडील खुशीत होते.

"मॅडम, मांडी बघा की. जिमला जाऊन आल्यावानी दिसतीया."

मी मुलाला पाय उचलायला सांगितलं. टाच चादरीवरून हलली नाही.

"आळशीच हाय पहिल्यापासनं," वडील म्हणाले. मुलगाही थोडं हसला.

मी त्याच्या मांडीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. "ही सूज आहे, आतला स्नायू झिजलाय," मी म्हणाले. वडील त्या खळग्याकडे बघत राहिले.

"मंग कंपनीत कवा जाईल?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. आधी त्याला बसायला शिकवू."

"बसायला?" त्यांनी चादर ओढून मांडी झाकली. "चोवीस वर्षांचा हाय त्यो."

हे मी दोघांच्या परवानगीने लिहितेय. सोमवारी वडील त्याला शिरूर तालुक्यात निमोण्याला घरी नेणार आहेत. तिथे रोज व्यायाम झाला नाही, तर तो पुन्हा उभा राहील याची मला खात्री नाही. शिरूरहून त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणारं कोणी तुमच्या माहितीत असेल, तर शनिवारपर्यंत मला कळवा.