द्वारकाबाईंचं पत्र

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी वाटायचं, सुमन आहे तोवर तिच्याशी बोलूनच मिटवू. आता मिटवायला समोर कोणी उरलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी वॉटफर्डहून तिच्या मुलीचा, मीराचा फोन आला. "मामा, आई गेली. आज सकाळी, झोपेतच." मी लगेच येतो म्हटलं. ती म्हणाली, "यायलाच पाहिजे असं नाही. रिअली." मीरा मोठ्यांशी तोडून बोलणाऱ्यांतली नाही.

सुमन माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न होऊन इंग्लंडला आली तेव्हा तिला विमानतळावरून आणायला नवऱ्याबरोबर मीही गेलो होतो. मीरा तीन आठवड्यांची असताना सुमनचं बोलणं बंद झालं. बाळाला जवळ घेईना, आणि बोललीच तर दुधात कोणीतरी विष कालवतंय म्हणायची. नवरा हातपाय गाळून बसला. तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं ते मी. चार महिन्यांनी ती बरी होऊन घरी आली. भारतात सगळ्यांना कावीळ झाल्याचं कळवलं होतं. "दादा, हे तुझ्या-माझ्यात," ती म्हणाली, आणि पंचवीस वर्षं मी ते पाळलं.

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. पणजोबांची साठेक पत्रं माझ्याकडे होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, साताऱ्याहून पुण्याला धाकट्या भावाला मोडीत लिहिलेली. मोडी आम्हा दोघांनाही माझ्या वडिलांनी शिकवलेली, पण तिचा हात आणि डोळा माझ्यापेक्षा तयार. दर शनिवारी ती बसने स्टॅनमोरला यायची, आमच्या डायनिंग टेबलाशी भिंग घेऊन बसायची आणि वाचता वाचता हसायची. कुणाला हिवताप, कुणाच्या मुलाला देवी, आईचा दमा, वैद्याचा काढा, गाय आटली, पापड खारट झाले... "दादा, तुझ्या पणजोबांनी तापाला एक ओळ दिलीय आणि पापडांना चार!" "आपले पणजोबा," मी म्हणायचो. "ते पुढचं पत्र वाचून ठरवते."

एका शनिवारी ती हसली नाही. पत्रात धाकट्या भावाच्या बायकोबद्दल लिहिलं होतं. "सौ. द्वारकेस बाळंतपणानंतर बाधा जाहली. मूल जवळ घेत नाही. मांत्रिक म्हणतो अन्न तोडावे. सबब कोठीत ठेविली आहे, आज सहावा दिवस. गुळाची ढेप पावली." नंतरच्या पत्रात द्वारका नव्हती, मुलासाठी दाई ठेवल्याचं होतं. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो ते असं, की द्वारकाबाई तान्हं मूल टाकून कोणाबरोबर तरी पळाली. तिचं नाव घरात शिवीसारखं वापरत. सुमनने भिंग खाली ठेवलं. "आजारी होती रे ती. माझ्यासारखीच. मला गोळ्या मिळाल्या, तिला कोठी." हे पत्र छापायचंच, असा तिने हट्ट धरला.

मी नको म्हटलं. कुलवृत्तांत लोक सोयरीक जुळवताना उघडतात, घराण्यात वेड होतं हे कशाला छापा, हे मी सांगितलेलं कारण. खरं कारण पहिल्या पानावर होतं. तिथे पणजोबांचा पागोटं घातलेला फोटो होता आणि त्याखाली संपादक म्हणून माझं नाव.

प्रुफं बघायला माझ्याकडे वीसेक नातेवाईक जमले. सुमनने पत्राची नक्कल वाचून दाखवली. ब्रॅकनेलचा माझा पुतण्या म्हणाला, "काका, असं असेल तर छापायला हवं. तेवढं तरी आपण तिचं देणं लागतो." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेव्हा मी बोललो. "सुमनच्या वाचनावर जाऊ नका. मीराच्या वेळी ती स्वतः चार महिने मेंटल हॉस्पिटलात होती. तिला सगळीकडे तेच दिसतं."

मीरा समोर बसली होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

सुमनने भिंग पिशवीत टाकलं, कोट चढवला. "चल मीरा, बस जाईल," एवढंच म्हणाली. पुन्हा माझ्या घरी आली नाही. पुस्तकात छापलं गेलं, "सौ. द्वारकाबाई अल्पशा आजाराने निवर्तल्या." ते वाक्य माझं आहे. आणि त्या बैठकीच्या आधीच मूळ पत्र मी स्वतः दोनदा ताडून पाहिलं होतं. सुमनचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. ज्यांच्या कपाटात ते पुस्तक आहे, त्यांनी हे कृपा करून त्या पानावर लिहून ठेवावं.

ती जाण्याच्या तीन आठवडे आधी मी हॉस्पिटलात गेलो. स्टॅनमोर ते वॉटफर्ड गाडीत एकच वाक्य घोकत होतो : सुमन, तू बरोबर वाचलं होतंस, आणि मीरासमोर मी जे बोललो... त्यापुढचे शब्द जुळत नव्हते. ती उशीला टेकून बसली होती, पार वाळलेली. मीरा खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. मी तब्येत विचारली, बाहेरच्या गारठ्याबद्दल बोललो, जेवण बरं देतात का म्हणून विचारलं. "देतात की," सुमन म्हणाली, "इथे तोडत नाहीत." मी हसल्यासारखं केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "दादा, काही बोलायचं होतं का तुला?"

मीराने मान वळवली.

मी घड्याळाकडे पाहिलं. "पार्किंग," म्हटलं, "दोनच तासांचं आहे. निघतो."

गाडी लावून वीस मिनिटं झाली होती.