एक लिटर, तीन सिलिंडर आणि गाडेमामा

प्रत्येक वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी साचतात. एक, जळकं ऑइल. ते न्यायला दर महिन्याला माणूस येतो. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. ते न्यायला कोणीच येत नाही! मग काय, भेटेल त्याला मीच सांगत सुटते.

मी नगरला मनमाड रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायजर आहे. गाडी दारात आली की आधी मी पुढे होते. आमच्या जॉबकार्डावर एक रकाना असतो, 'तक्रार, ग्राहकाच्याच शब्दांत'. तो मी भरते आणि गाडी दुरुस्त करतात गाडेमामा, आमचे हेड मेकॅनिक. आडनावातच गाडी! मामांची निम्मी हयात डिझेल इंजिनांत गेलेली. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आमच्याकडे पहिल्यांदा आलं, तेव्हा बॉनेट उघडून ते म्हणाले होते, "ताई, इंजिन कुठाय? ह्यो तर मिक्सर हाय!"

आता त्याच मिक्सरला कोणी नाव ठेवलं तर मामा भांडायला उठतात.

*

रंगनाथआप्पा घोडेगावच्या बाजारातले म्हशींचे व्यापारी. मुलाने त्यांना न विचारता गाडी घेतलेली. पहिल्या सर्व्हिसिंगला आप्पा स्वतः आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायाने ढोसलं, बॉनेटवरून पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला. मग मला म्हणाले, "सांगा, काय काय हाय हिच्यात."

मी माहितीपत्रक वाचायला घेतलं. "आप्पा, एक लिटरचं इंजिन, शंभर घोड्यांची ताकद, सिलिंडर तीन..."

"तीन?" आप्पांचा चेहराच उतरला. "चौथं कुठं गेलं?"

"चौथं नसतंच हिला."

आप्पा गर्रकन मुलाकडे वळले. "आरं, तीन सडांची म्हैस घिऊन आलास व्हय? बाजारात असल्या जनावराला मी हात लावत न्हाई!"

पोरगा लाल. गाडेमामा मात्र हात पुसत पुढे आले. "आप्पा, धुराबरोबर जो जोर वाया जातो ना, त्याच्यावर ह्यो टर्बोचा पंखा फिरतो. पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर!"

"म्हंजी वरून पेंड चारायची?"

"आगदी बरोबर! चला, फिरवून आनतो."

वीस मिनिटांनी दोघं परत आले. आप्पांची टोपी तिरपी झालेली, डोळे चमकत होते. खाली उतरता उतरताच ओरडले, "ताई, लिव्हा तुमच्या कागदावर! सड तीन, पन दूध दोन म्हशींचं!"

मी खरंच तसं लिहिलं.

*

एक मुख्याध्यापक. मुलींच्या शाळेचे. अत्यंत सज्जन माणूस. मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, माझी गाडी शिट्टी मारते."

"कधी मारते, सर?"

"शाळेच्या गेटातून आत शिरताना! बरोबर तिथेच चढ आहे. मी जरा अॅक्सिलरेटर दाबला की हिची शिट्टी! मुलींची शाळा आहे हो माझी!"

मामांनी पाच मिनिटांत शोधून काढलं. टर्बोची हवा ज्या रबरी पाइपातून इंजिनाकडे जाते, त्याला बारीक चीर पडली होती. जोर वाढला की हवा त्या चिरेतून सूं करत बाहेर. पाइप बदलला, शिट्टी बंद, सर खूश.

आठ दिवसांनी सर पुन्हा हजर. चेहरा पडलेला.

"मॅडम, तो जुना पाइप ठेवलाय का तुम्ही?"

"का हो सर?"

"शिट्टी होती तेव्हा मी गेटात शिरलो की सगळी शाळा चिडीचूप व्हायची. आता मी आलोय हे कुणाला कळतच नाही!"

*

वकीलसाहेबांची गाडी मध्येच धक्के खायची. पण आमच्या दारात आली की शहाण्यासारखी चालायची. तीनदा आणली, तीनदा काहीच सापडलं नाही. चौथ्यांदा साहेब चिडलेच. "मॅडम, ही फितूर साक्षीदार आहे! माझ्यासमोर एक बोलते, तुमच्यासमोर दुसरंच!"

मामांना संशय होता इग्निशन कॉइलचा. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी एक कॉइल असते. ती बिघडली की थंड असताना नीट वागते, तापली की दगा देते. मामा म्हणाले, "साहेब, हिला तापवायला लागंल. बसा शेजारी."

दोघं निघाले ते थेट इमामपूर घाटात. एसी फुल, भर दुपार, घाट एकदा चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या चढाला गाडीने धक्के खाल्ले, इंजिनाचा दिवा लागला, जोर गेला आणि गाडी घाटातच बाजूला घ्यावी लागली. मागे ट्रक हॉर्न वाजवतायत, ऊन मी म्हणतंय आणि वकीलसाहेब रस्त्यावर उतरून अक्षरशः नाचतायत!

मला फोन आला. मला वाटलं आता शिव्या ऐकाव्या लागणार. तर पलीकडून साहेब ओरडत होते, "मॅडम! कबुली दिली हिने! कबुली दिली!"

*

एक काकू आल्या. गळ्यात तुळशीची माळ, मागे काका खाली मान घालून. मी पेन उघडलं. "बोला काकू, काय तक्रार?"

"आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी तोंडात टाकत नाही. आणि ही गाडी पिते!"

काका मान वर न करता म्हणाले, "ऑइल. ऑइल पिते."

खरंच पीत होती. मागून निळसर धूर, आणि ऑइलची पट्टी बघावी तेव्हा खाली. मामांनी पाहिलं तर टर्बोचं सील गेलेलं. पंखा ज्या तेलावर फिरतो तेच तेल धुराच्या वाटेने जळत होतं. त्यातून काकांनी ट्रॅक्टरचं उरलेलं जाड ऑइल वरून भरलं होतं. मामा कळवळले. "काका, ह्यो पंखा मिनिटाला लाखावर फेरे मारतो! त्याला पातळ, लिहून दिलंय तेच तेल लागतं. ह्ये म्हंजी पैलवानाचा खुराक तान्ह्या लेकराला!"

काम झालं. पंधरा दिवसांनी मी नेहमीसारखा चौकशीचा फोन केला. "काकू, गाडी कशी आहे आता?"

"सुटली गं बाई तिची! पूर्ण सुटली! मी शेजारणीला तुमचाच पत्ता दिलाय."

"त्यांचीही गाडी पिते का?"

"गाडी नाही गं. नवरा!"

*

मामा प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगतात. हायवेवरून जोरात आलात की लगेच चावी फिरवून इंजिन बंद करू नका. टर्बो भट्टीसारखा तापलेला असतो. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, तेल फिरू द्या, त्याला निवू द्या.

सुप्याच्या एका कारखान्यात नोकरीला असलेल्या साहेबांनी हे फारच मनावर घेतलं. आणि एके सकाळी मला एका बाईंचा फोन आला.

"तुम्ही त्या वर्कशॉपमधल्या ना? मला एक खरं सांगाल?"

"विचारा ना."

"आमचे हे रोज संध्याकाळी दारात येतात आणि गाडीतच बसून राहतात. इंजिन चालू, काचा बंद, चेहऱ्यावर हसू. विचारलं तर म्हणतात, 'टर्बोला जरा शांत करून येतो.' मॅडम, मी घाबरणारी बाई नाही. कोण आहे ही टर्बो?"

मी हसू दाबत त्यांना वर्कशॉपलाच बोलावलं. त्या आल्या. मामांनी तशाच एका गाडीचं बॉनेट उघडलं आणि टॉर्च मारून टर्बो दाखवला. बाई वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या.

मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढीशी? आणि एवढा थाट?"

*

आणि हा आता ऐकाच!

सकाळी मी काउंटरवर येऊन बसतेय तोच फोन. मिरजगावचे भाऊसाहेब. शेतकरी माणूस, जुनी टर्बो पेट्रोल गाडी आमच्याकडेच दाखवायचे. त्यांची मुलगी ऋतुजा पोलीस भरतीला उतरली होती. त्या दिवशी नगरला तिची मैदानी चाचणी, दहाच्या आत हजर व्हायचं. आणि रुईछत्तीशीच्या अलीकडे गाडीतून फट्ट आवाज झाला, जोर गेला, काळा धूर! एसटी नुकतीच पुढे निघून गेलेली.

मामांनी फोन हिसकावला. "व्हिडिओ कॉल लावा! बॉनेट उघडा! दाखवा मला!"

स्क्रीनवर भाऊसाहेबांची मिशी.

"भाऊसाहेब, क्यामेरा फिरवा! मला मिशीत टर्बो दिसंना!"

तेवढ्यात मुलीने फोन ओढून घेतला. "मामा, मी ऋतुजा. सांगा, काय बघू?"

"पुढं एक जाड काळा पाइप हाय बघ. जागंवर हाय का?"

"निघालाय! लोंबतोय. आन् त्याची पट्टी तुटून पडलीय."

"झालं! हवा सगळी भाईर चाललीय. पोरी, पाइप जागंवर घाल, दाबून बसव. आता तो घट्ट बांधायला तार बघ, दोरी बघ..."

"हितं काहीच न्हाई मामा, नुसतं माळरान हाय." मग ती म्हणाली, "थांबा. हाय माझ्याकडं."

आणि फोन ठेवला! मामांनी परत लावला. "आगं, ऐक! हळू चालव. अॅक्सिलरेटर नुसता टेकव, टर्बोला जागं करू नको! चाळीसच्या वर जाऊ नको!"

"व्हय मामा!"

त्यानंतर काहीच कळेना. दहा वाजले. अकरा वाजले. मामांनी एकाच गाडीचं चाक दोनदा काढून दोनदा बसवलं.

दुपारी भाऊसाहेबांची गाडी फाटकातून हळूहळू आत आली. चालवत ऋतुजा होती, शेजारी भाऊसाहेब. ती खाली उतरली, कोपरापर्यंत हात काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि दात सगळे दिसत होते.

"पोचलीस?" मी ओरडले.

"सात मिंटं आधी! आन् आठशे मीटरला आमच्या गटात पहिली!"

सगळं वर्कशॉप टाळ्या वाजवायला लागलं. मामा मात्र आधी बॉनेटकडे धावले. उघडलं आणि बघतच राहिले. पाइपाच्या तोंडाशी गुलाबी रंगाची बुटाची नाडी, एकावर एक वेढे देऊन, कचकचून बांधलेली.

मामांनी सावकाश मान वळवून तिच्या पायांकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. पाय अनवाणी, धुळीने माखलेले.

"पोरी," मामा म्हणाले, "नाडी तर एकाच बुटाची लागली. दुसरा बूट काय झाला?"

"एका पायात बूट घालून कोन पळतं, मामा?" ऋतुजा म्हणाली. "दोनी काढून दिले वडलांकडं!"