गंगू दिसेपर्यंत

आमच्या फादरबाबांच्या खिशात उत्तम चालणारं घड्याळ होतं, आणि शाळेसाठी त्यांनी ते कधीही बाहेर काढलं नाही. पाटोद्याकडच्या डोंगरात चर्चला लागून आमची शाळा होती आणि मी तिथला एकटा मास्तर. शाळा दहाला भरते, असं मी दारावरच्या फळीवर ठळक लिहून ठेवलं होतं. फादरबाबा मात्र घंटेचा दोर धरून समोरच्या उताराकडे बघत उभे राहायचे. सगळ्यात लांबच्या वस्तीवरची गंगू दिसल्याशिवाय दोर ओढायचे नाहीत.

गंगू रोज उशिरा यायची. गावच्या विहिरीत तिच्या जातीला पोहरा सोडता येत नव्हता. वरच्या जातीची एखादी बाई येऊन घागरीत पाणी ओतेपर्यंत तिने कडेला बसून राहायचं. ती बाई कधी नऊला यायची, कधी साडेदहाला. म्हणजे आमची शाळा त्या बाईच्या मर्जीवर भरायची. हे मी फादरबाबांना चिडून ऐकवलं. हा परदेशी माणूस मराठी शिकला होता वस्तीवरच्या बायांकडून. फादरबाबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, लेकरू कावून उशिरा येतं ते तुमाला म्हाईत हाय. मग भडकता कुणावर?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

निजामाच्या शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला येणार होते, तेव्हा तर मी हात जोडले. शाळेला मंजुरी मिळाली तरच चौथीच्या पोरांना अंबाजोगाईला पुढे शिकता येणार होतं. निदान त्या दिवशी घंटा दहाला द्या, म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, हे मला दहा वाजता कळलं. साहेब खुर्चीत, पोरं अंगणात, मी घामाघूम, आणि हे दोर धरून उताराकडे बघतायत. गंगू पावणेअकराला आली. शाळा वेळेवर भरत नाही, असा शेरा मारून साहेब गेले आणि मंजुरी वर्षभर लांबली. फादरबाबा चौथीच्या पोरांच्या घरोघरी जाऊन स्वतः सांगून आले, पण आपलं चुकलं असं काही म्हणाले नाहीत. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

पुढे त्यांची बदली झाली. निघताना घंटेचा दोर माझ्या हातात देऊन म्हणाले, "दूरच्या लेकरानं वाटंत घंटा ऐकली, की ते माघारी फिरतं. शाळा आपल्यासाठी थांबली न्हाई, मग आपली न्हाई, असं वाटतं त्याला."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बरोब्बर दहाला घंटा दिली. फार बरं वाटलं. मग उताराकडे नजर गेली. गंगू अर्ध्यापर्यंत आली होती. ती थांबली, आणि वळून परत चालू लागली.

मी धोतर सावरत, फादरबाबांना मनातल्या मनात शिव्या देत उतार चढलो. तिला घेऊन आलो, पोरांना पुन्हा अंगणात उभं केलं आणि दुसऱ्यांदा घंटा दिली. संध्याकाळी फळीवरचा दहाचा आकडा पुसून टाकला.

त्यांचा राग मला अजून येतो. स्वतः निघून गेले, आणि मला जन्मभर त्या उताराकडे बघत उभं केलं.